बादलीभर काळी माती: ग्रुपमधल्या एका न बोलणाऱ्या मेंबरची केस

आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या मिनी प्रोजेक्टच्या दुसऱ्या रिव्ह्यूला परीक्षकांच्या पॅनलवरच्या सरांनी विचारलं, "समजा रात्री दोन वाजता शेतात लाइट आली, तुमचा सेन्सर म्हणतोय माती कोरडी आहे, आणि तीन फेजपैकी एकच फेज गायब आहे, तर तुमचं सर्किट काय करेल?" आमचा लीडर, जो एरवी प्रश्न संपायच्या आधी उत्तर द्यायला लागतो, तो म्हणाला सर पंप ऑटोमॅटिक ऑन होईल. सर म्हणाले, "आणि मोटार जळेल. वाइंडिंग भरून आणायचा खर्च कोण देणार, तुम्ही?" मग जी शांतता झाली ती मला अजून आठवते कारण गाईड म्हणून मीच तिथे बसले होते आणि मलाही हे सुचलं नव्हतं. चौथी मेंबर टोकाला उभी होती, पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती, काढत होती आणि लावत होती.

त्या रात्री मी त्यांच्या रिपोर्टचं गूगल डॉक उघडलं, खरं सांगायचं तर कोणी किती काम केलंय ते बघून सगळ्यांना झापायला. व्हर्जन हिस्टरीत मागे मागे गेले तर तीन आठवड्यांपूर्वीची एक एंट्री सापडली. रात्री 1:40 ला त्या चौथ्या मेंबरने अकरा ओळींचा पॅरा लिहिला होता. एक फेज (मोटारीला वीज देणाऱ्या तीन तारांपैकी एक) गेली तर मोटार जळते, शेतीची लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, सेन्सर काळ्या मातीत टिकत नाही, सगळं होतं त्यात. 1:52 ला तो तिनेच डिलीट केला होता. म्हणजे पॅनलच्या सरांनी आमची जी लाज काढली तिचं उत्तर आमच्याच डॉकमध्ये बारा मिनिटं होतं आणि मग नव्हतं.

ही केस तिची आहे. परवानगी घेऊन लिहितेय, नावं कोणाचीच देत नाही, कॉलेजचंही नाही. तिला "ती" म्हणते, बाकीचे तिघे म्हणजे लीडर, पीपीटीवाली आणि गायब. ही नावं मी नाही ठेवली, प्रत्येक बॅचमध्ये प्रत्येक ग्रुपमध्ये हे चार लोक असतातच, ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना लगेच कळेल.

थोडं बॅकग्राउंड. पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), तिसरं वर्ष, मिनी प्रोजेक्ट. ग्रुप आम्ही रोल नंबरप्रमाणे पाडतो त्यामुळे मित्र मित्र एकत्र येत नाहीत. लीडर पुण्यातला, सीबीएसईचा, बोलायला तयारीचा. पीपीटीवाली हुशार आणि नीटनेटकी, पण तिला फक्त स्लाइडचा फॉन्ट सगळीकडे सेम हवा असतो. गायबबद्दल काय लिहिणार. आणि ती, परभणी जिल्ह्यातली, घरची शेती, दहावीपर्यंत मराठी मीडियम, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. डिप्लोमावाल्यांचं एक असतं, ते पहिल्या वर्षाला नसतात त्यामुळे वर्गात सगळ्यांचे ग्रुप आधीच जमलेले असतात आणि ही मुलं लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी मागे बसतात. सगळे मला मॅम म्हणतात, ती एकटी मॅडम म्हणते.

प्रोजेक्ट होता स्मार्ट सिंचन. हो, तोच. मातीत सेन्सर खुपसायचा, माती कोरडी झाली की रिले (सर्किटने चालणारा स्विच) पंप चालू करणार, मोबाईलवर मेसेज येणार. दरवर्षी दोन तरी ग्रुप हा करतात आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात शेतात मोटार चालू केलेली नसते. या वर्षी गंमत अशी की चौघांपैकी एकीने ती शेकडो वेळा चालू केली होती आणि ती एकटीच बोलत नव्हती.

आता माझी चूक नंबर एक. मी पहिल्याच मीटिंगला मनातल्या मनात तिची फाईल बंद केली होती. खेड्यातली, मराठी मीडियम, म्हणजे इंग्लिशचा प्रॉब्लेम. मग मी मोठ्या मनाने जाहीर केलं की आपल्या मीटिंग मराठीत होतील, बिनधास्त बोला. काही फरक पडला नाही. का ते मला खूप उशिरा कळलं. दुसऱ्याच आठवड्यात ती लॅबमध्ये म्हणाली होती, "तुम्ही हे काय करायलेत, याने तर मोटार जळती ना," आणि पीपीटीवाली आणि लीडर हसले होते, मुद्द्यावर नाही, "करायलेत" वर. वाईट हेतूने नाही हसले, नंतर दोन दिवस ते आपसात "काय करायलेत भावा" असं म्हणत होते, त्यांच्या दृष्टीने तो एक मजेशीर शब्द होता. पण वाक्याचा उरलेला अर्धा भाग, मोटार जळण्याचा, कोणाच्याच कानापर्यंत गेला नाही. म्हणजे मी तिला जी सूट दिली, मराठीत बोल, ती पुण्याच्या मराठीत बोल अशी होती, आणि ती तिच्यासाठी दुसरी परकी भाषाच.

चूक नंबर दोन जास्त वाईट. पहिल्या रिव्ह्यूच्या आधी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं तू पण बोल ना काहीतरी, गप्प का असतेस?" प्रेमानेच म्हणाले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती लाल झाली, म्हणाली "नाही मॅडम, त्यांचं बरोबरे," आणि पुढच्या मीटिंगला आलीच नाही, पोट दुखतंय असा मेसेज होता. कमी बोलणाऱ्या माणसाला चारचौघात "तू का बोलत नाहीस" विचारणं म्हणजे लंगडणाऱ्याला मैदानाच्या मधोमध उभं करून चालून दाखव म्हणणं, हे मला बारा वर्षं शिकवून झाल्यावर कळतंय.

तिसरी चूक पण सांगून टाकते. तिला सहभागी करून घ्यायचं म्हणून मी तिला मीटिंगच्या नोट्स काढायचं काम दिलं. झालं, तिला मान खाली घालायला अधिकृत कारण मिळालं. नोट्स अप्रतिम असायच्या, प्रत्येकाचा मुद्दा नावासकट, फक्त तिचं नाव कुठेच नाही.

डॉकमधला तो डिलीट केलेला पॅरा बघितल्यावर मी तिला बोलावलं. केबिनमध्ये नाही, केबिनमध्ये बोलावलं की मुलांना वाटतं काहीतरी केलंय आपण, लॅबबाहेर कूलरपाशी बाक आहे तिथे. मी सरळ विचारलं, हे लिहिलं होतंस ते काढलंस का? आधी ती घाबरली की काढलेलंही दिसतं. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटलं त्यांनी याचा विचार केलाच असेल. आणि माझं चुकलं असतं तर." मी म्हटलं चुकलं असतं तर काय? बराच वेळ काही बोलली नाही आणि मग सातवीतली गोष्ट सांगितली. गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवताना हातचा विसरला, हिने उठून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "फार शहाणी झालीस का गं?" वर्ग हसला. पुढचं वर्षभर तिचं नाव वर्गात शहाणी. "ए शहाणी, इकडे ये." गणित तिचंच बरोबर होतं, हे सांगताना तिने दोनदा सांगितलं, जणू मी विश्वास ठेवणार नाही.

आपल्या भाषेत हा एक शब्द भारी आहे बघा. आजी डोक्यावरून हात फिरवून म्हणते माझी शहाणी बाळ ती, आणि तोच शब्द "का गं" लावून म्हटला की थोबाडीत. आगाऊ, शिष्ट, दीडशहाणी, चोंबडी, बोलणाऱ्या मुलीसाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. गप्प बसणाऱ्या मुलीसाठी गुणी, सोज्वळ, साधी. मग बारा वर्षं घर आणि शाळा मिळून जो हिशोब शिकवतात तो एकविसाव्या वर्षी आम्ही एका सेमिस्टरमध्ये उलटा करायला सांगतो, तेही दहा मार्कांच्या कम्युनिकेशन स्किलसाठी. गंमत म्हणजे तिचे वडील याच्या अगदी उलट सांगतात, तिनेच सांगितलं, ते म्हणतात बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. पण म्हण माहीत असून तोंड उघडत नाही ना.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते पुढचं. मी विचारलं, मीटिंगमध्ये तू गप्प असतेस तेव्हा डोक्यात काय चालू असतं? मला वाटलं होतं म्हणेल काही नाही. ती म्हणाली, "वाक्य बनवत असते." आधी वाक्य बनवायचं, मग ते पुण्याच्या भाषेत करायचं, मग त्यात काही चूक आहे का बघायचं, मग कोणी हसेल का बघायचं, आणि तोपर्यंत ते पुढच्या विषयावर गेलेले असतात. मग ते वाक्य वाया. मग स्वतःवर राग. मग पुढचं वाक्य. आणि हे करताना समोर काय बोलणं चाललंय ते अर्धं ऐकूच येत नाही, म्हणून कोणी अचानक विचारलं तर खरंच काही सांगता येत नाही, आणि मग समोरच्याला वाटतं हिला काही येतच नाही.

हे ऐकल्यावर मला थोडं वाचावं लागलं कारण मी इलेक्ट्रॉनिक्सची, सायकॉलॉजीची नाही. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये लोकांसमोर घाबरणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय होतं याचं एक मॉडेल मांडलंय त्यात हे जवळजवळ असंच आहे: माणसाचं सगळं लक्ष बाहेरून आत वळतं, मी कसा दिसतोय, माझा आवाज कसा येतोय, आणि सेफ राहण्यासाठी जे करतो (वाक्य मनात घोळवणं, कमी बोलणं, हळू बोलणं) तेच त्याला अजून अडकवतं. कारण "मी बोललो आणि काही झालं नाही" हा अनुभव यायला जागाच उरत नाही.

आणि दुसरी गोष्ट वेळेची. साध्या गप्पांमध्ये एक माणूस थांबला की दुसरा किती वेळाने सुरू होतो हे संशोधकांनी दहा वेगवेगळ्या भाषांमध्ये मोजलंय, 2009 चा पेपर आहे, सरासरी निघते सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा वेळात कोणीच वाक्य बनवू शकत नाही, म्हणजे बोलणारे लोक समोरचा बोलत असतानाच आपलं वाक्य तयार ठेवून, संपायच्या बेतात आला की उडी मारतात. जी मुलगी पूर्ण शांतता झाल्यावर, सगळ्यांचं झाल्यावर, हळूच बोलावं असं शिकून आलीय तिचा नंबर आमच्या मीटिंगमध्ये येणारच नव्हता. चालत्या एसटीत चढण्यासारखं आहे हे, ज्यांना सवय आहे त्यांना कळतही नाही की गाडी थांबत नाहीये.

पुढच्या मीटिंगला मी काहीच बोलले नाही, फक्त मागे बसून वहीत रेघा मारल्या, कोण किती वेळा बोललं. चाळीस मिनिटं. लीडर 41, पीपीटीवाली 17, गायब (आला होता त्या दिवशी) 6, ती 2. दोनपैकी एकदा "हो" आणि एकदा "वायर संपलीय". आणि तिने तीनदा बोलायला श्वास घेतला होता, तोंड उघडलं होतं, ते मी वेगळ्या खुणेने मांडलं. ते तीन वेळा मला आधी कधीच दिसले नव्हते कारण मी बोलणाऱ्याकडे बघत असायचे.

आता लीडरची बाजू, कारण हा मुलगा व्हिलन नाही आणि त्याला व्हिलन केलं की केस सोपी होते पण खोटी होते. त्याला मी ती वही दाखवली. आधी म्हणाला मॅम हे अनफेअर आहे, ती बोलतच नाही तर मी काय करू, कोणीतरी बोलायला पाहिजे ना. मग थोड्या वेळाने म्हणाला, "मॅम, शांतता झाली की मला टेन्शन येतं. वाटतं की कोणालाच काही माहीत नाहीये आणि सगळं माझ्यावर येणार." म्हणजे एकाचं टेन्शन बोलून बाहेर पडत होतं आणि एकीचं गप्प बसून, आणि दोघं एकमेकांचं वाढवत होते. ती गप्प म्हणून तो बोलायचा, तो बोलतो म्हणून ती गप्प. त्याने अजून एक सांगितलं जे मला लागलं, की ग्रुपमध्ये सगळ्यांना वाटतं ती काम टाळते. गायबच्या आणि तिच्या नावाखाली लोक एकच गोष्ट लिहितात. मिडसेमला आम्ही पीअर मार्किंग घेतलं होतं, प्रत्येकाने प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे, तिला दोघांनी 5 दिले होते आणि गायबलाही 5. तिने स्वतःला 4 दिले होते. रिपोर्टचा मोठा भाग आणि सगळं सोल्डरिंग तिचं होतं.

ग्रुपमध्ये माणसं कमी जोर लावतात हे जुनं आहे, बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये लोकांना एकटं आणि ग्रुपमध्ये टाळ्या वाजवायला, ओरडायला लावून ते दाखवलं, ग्रुपमध्ये प्रत्येकाचा आवाज कमी निघतो. पण आवाज कमी निघतो म्हणजे जोर कमी लावला असं उलटं वाचायला आपण फार उतावीळ असतो, गायबचा आजार वेगळा आणि तिचा वेगळा, औषध एकच दिलं तर दोघंही बिघडतील.

मग आम्ही काय केलं. पहिली गोष्ट, तिला काहीच करायला सांगितलं नाही, मीटिंग बदलली. सुरुवातीची पाच मिनिटं कोणीच बोलायचं नाही. प्रत्येकाला चिठ्ठी, या आठवड्यात काय अडलंय आणि काय करावं असं वाटतं ते लिहायचं, मराठी इंग्लिश जसं जमेल तसं. मग क्रमाने वाचायचं, लीडर शेवटी. मुद्दा वाचला की फळ्यावर, शेजारी ज्याचा मुद्दा त्याचं नाव. एक फेरी पूर्ण होईपर्यंत कोणी त्यावर काही म्हणायचं नाही. यात माझं डोकं काही नाही, डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1971 च्या सुमाराला ही पद्धत मांडलीय. आणि ही फक्त लाजाळू लोकांवर दया म्हणून नाही बरं का, 1987 मध्ये डील आणि स्ट्रोबे यांनी प्रयोग करून दाखवलं की एकत्र बसून ब्रेनस्टॉर्मिंग करणाऱ्या ग्रुपपेक्षा तेवढ्याच लोकांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आयडिया जास्त निघतात आणि त्याचं मोठं कारण लोक काय म्हणतील ही भीती नसून आपला नंबर यायची वाट बघणं हे आहे. वाट बघता बघता आयडिया विरून जाते. कूलरपाशी बसून तिने मला हेच तर सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी होती. प्रश्न विचारला की मनात एक, दोन, तीन मोजायचे. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काय असं वाटतं ना, करून बघा. लीडरचा पाय हलायला लागायचा. पहिल्या दोन वेळा मीच हरले आणि अडीच सेकंदात स्वतःच उत्तर दिलं.

पहिल्या चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, "सेन्सर गंजलाय. जास्त दिवस टिकणार नाही." बस्स. तो काटेचमच्यासारखा दोन पायांचा स्वस्तातला सेन्सर होता, ओल्या मातीत त्यातून सतत करंट सोडला की पायांवरचा थर खाल्ला जातो, हे खरंच आहे. लीडरने उचलून बघितला तर एक पाय अर्धा काळा. "अरे हो की," म्हणाला. फळ्यावर तिचं नाव लागलं, पहिल्यांदा. तिने ते बघितलं आणि लगेच खाली बघितलं. पुढच्या आठवड्यात चिठ्ठीवर दोन मुद्दे, त्यापुढे पाच.

पाचातला एक होता, "काळ्या मातीत भेगा पडतात तर सेन्सर मोकळा राहतो." कोणाला कळेना. पीपीटीवाली म्हणाली भेगा म्हणजे, किती मोठ्या? ती हाताने दाखवायला गेली, मग म्हणाली सांगता येत नाही, आणून दाखवते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परभणीहून रात्रभराच्या एसटीने आली तेव्हा सोबत सिमेंटच्या गोणीत शेतातली माती. कंडक्टर म्हणे विचारत होता ताई यात आहे काय, माती सांगितल्यावर त्याला वाटलं थट्टा करते. डिपार्टमेंटच्या गच्चीवर बादलीत भरली, पाणी टाकलं, सेन्सर नीट दाबून बसवला, उन्हात ठेवलं. पहिल्या दिवशी रीडिंग एकदम व्यवस्थित. आठ नऊ दिवसांनी माती आकसून बादलीच्या कडेपासून सुटली होती आणि मधून अशी फाटली होती की बोट आत जात होतं, आणि भेग बरोबर सेन्सरच्या बाजूने गेली होती कारण तिथेच माती कापलेली. सेन्सर हलत होता, सैल दातासारखा. खाली वीतभर उकरून बघितलं तर माती ओली आणि स्क्रीनवर पूर्ण कोरडं. चौघंही बादलीभोवती उकिडवे बसले होते आणि ती बोलत होती, लाइट कधी येते, रात्री मोटार चालू करायला कोण जातं, साप असतात, एक फेज गेली की आवाज कसा बदलतो, डीपी (शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळाला की किती दिवस जातात. "आमच्याकडे पप्पा घरून फोन लावून मोटार चालू करतात, मोबाईल स्टार्टर असतो ना," असं तिने सहज सांगितलं आणि लीडरचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण ते आमच्या रिपोर्टमध्ये आमचं इनोव्हेशन म्हणून लिहिलेलं होतं.

"करायलेत" त्या पाऊण तासात पाच सहा वेळा आलं असेल, कोणी हसलं नाही. मला वाटतं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ती स्वतःकडे बघत नव्हती, बादलीकडे बघत होती, आणि बाकीचेही तिच्याकडे नाही, बादलीकडे बघत होते. मला पूर्ण केसमधलं हे सगळ्यात मोठं वाटतं, चिठ्ठ्यांपेक्षाही. पीपीटीसमोर उभं केलं की नजरा माणसावर येतात, वस्तू मध्ये ठेवली की नजरा वस्तूवर जातात.

मग डिझाईन बदललं. पंप आपण चालू करायचाच नाही, दोन खोलींवर सेन्सर, कपॅसिटिव्हवाले (ज्यात धातू मातीला उघडा लागत नाही), आणि शेतकऱ्याला फक्त मेसेज, मोटार तो त्याच्या स्टार्टरने चालू करेल ज्यात फेज बघायची सोय असते. प्रोजेक्ट दिसायला साधा झाला. लीडर थोडा खट्टू होता, रिले टिक करून पंप फिरला की डेमो छान दिसतो.

तिसऱ्या रिव्ह्यूच्या आधी तिला मी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गिलोविच वगैरेंचा 2000 सालचा टीशर्टचा प्रयोग सांगितला, मुलांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं, घालणाऱ्यांना वाटलं साधारण निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल, प्रत्यक्षात पाव लोकांनी ओळखलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मॅडम, पाव तर बघतातच ना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरंच बघतात.

रिव्ह्यूत ती चार मिनिटं बोलली, मातीवर. सुरुवात "सॉरी सर, माझं चुकत असेल पण" अशी केली, मी पुढच्या रांगेत डोळे मिटले. बादली समोर टेबलावर होती. पॅनलचे सर उठून आले, भेगेत पेन घालून बघितलं, आणि तिच्याशी पाच मिनिटं परभणीच्या पावसावर बोलले. मग कोडचा एक प्रश्न विचारला जो तिला येत होता, शंभर टक्के येत होता, आणि ती पूर्ण ब्लँक झाली. लीडर उत्तर द्यायला निघाला, मी बघत होते, त्याने तोंड उघडलं आणि थांबला. एक, दोन, तीन, चार. मग ती म्हणाली "सर, नाही आठवत." तर असं. चित्रपट असता तर आठवलं असतं.

वायवानंतर लीडर पॅनलला सांगत होता, "सर आम्ही फील्डचा स्टडी केला," आणि ती शेजारी उभी होती आणि काही म्हणाली नाही. मला म्हणायचं होतं, मीही नाही म्हटलं.

आत्मविश्वास वाढला का, हे सगळे स्टाफरूममध्ये विचारतात. मला माहीत नाही आणि ते मोजणं माझं काम पण नाही. ती आमच्या कौन्सेलर मॅडमकडे दोनदा गेली, मीच सुचवलं होतं कारण मधल्या काळात झोप येत नाही म्हणाली होती, रात्री दीडचे पॅरे उगाच नव्हते. तिथे रोझेनबर्गची आत्मसन्मान मोजायची प्रश्नावली भरून घेतली तिने सांगितलं, 1965 ची, दहा वाक्यं असतात, निम्मी सरळ निम्मी उलटी, "एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे" अशा टाईपची. आकडा मी विचारला नाही. ज्यांच्या कॉलेजात कौन्सेलर नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, मुलांना नंबर नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या.

कॉन्फिडन्स वाढव हे वाक्य मात्र मी बोलायचं बंद केलंय. समोरच्याने ते ऐकून घरी जाऊन नक्की काय करायचं असतं हे मला कधीच कळलं नाही, आणि तिच्या सातवीतल्या त्या एका वर्षावर मी कूलरपाशी बसून इलाज करू शकत नव्हते. मीटिंगची पहिली पाच मिनिटं माझ्या हातात होती.

सेमिस्टरच्या शेवटी परत पीअर मार्किंग झालं. तिला लीडरने 9 दिले, पीपीटीवालीने 9. तिने स्वतःला 6 दिले. गायबला 8. मी म्हटलं अगं, त्याला 8 का? म्हणाली, "मॅडम, बादली गच्चीवर त्यानेच चढवली होती ना."